दाराशी वाळूची दोन पोती

त्रायान,

मी मठात प्रार्थनेला जाते आहे. नाताळआधीचा उपवास चालू आहे, म्हणून शेगडीवर घेवड्याचं बिनतेलाचं सूप ठेवलंय. खाऊनच नीघ.

आज तू सिबियू शहरात जाऊन जुनी स्पोर्ट्‌स कार पक्की करणार. काल त्या लाल गाडीत मला बसवलंस, जिच्या फक्त मागच्या चाकांना इंजिनाचा जोर मिळतो. ओल्या वळणावर तिचं मागचं अंग सरकलं आणि तू हसलास, "आई, हिच्यात जीव आहे! चारही चाकांना जोर मिळणारी गाडी पाद्रीबाबांना शोभते." मी जपमाळ घट्ट धरून गप्प बसले. तिथेच माझं चुकलं.

बाळा, त्याच विक्रेत्याकडची, चारही चाकांना जोर मिळणारी ती करडी गाडी घे. आपल्या घाटात मार्चपर्यंत बर्फ असतो. आणि इलिंका तुला सोडून गेल्यापासून तू वळणावरही वेग कमी करत नाहीस, हे मला दिसतं.

तुझ्या नावाने रोज एक स्तोत्र म्हणते, त्यात खंड पडणार नाही. तरीही लालच आणणार असशील, तर दाराशी वाळूची दोन पोती भरून ठेवली आहेत. जाताना सोबत ने आणि येताना तिच्या डिकीत टाक. त्या वजनाने मागची चाकं जमिनीला धरून राहतील.

आई