चिमटा सिस्टरांचं पान

३ फेब्रुवारी, सोमवार. सकाळ.
आजपासून रोजनिशी. कोणाला दाखवायची नाही, त्यामुळे अक्षर कसंही आलं तरी चालेल. तरी सुरेखच येतंय. कॉन्व्हेंटचं वळण, जाईल कुठे.
संकल्प एकच. आमच्या शाळेच्या माजी मुलींनी इंटरनेटवर विकी सुरू केलाय. म्हणजे शाळेचा एक मोठा ग्रंथच, पण कोणीही लिहावं, कोणीही दुरुस्त करावं असा. त्यात चिमटा सिस्टरांचं पान मी लिहिणार. सिस्टर गाणं शिकवायच्या. सूर द्यायला त्यांच्याकडे लोखंडी चिमट्यासारखं काहीतरी असायचं. टेबलाच्या कडेवर टिचकन मारायच्या आणि कानाशी धरायच्या. गाण्याच्या खोलीत ताई पहिल्या रांगेत उभी असे, कारण तिला गळा होता. मी शेवटच्या रांगेत नुसते ओठ हलवायचे.
ताई महिनाभर अंथरुणाला खिळलीय. पान पूर्ण करून, छापून, तिला नेऊन दाखवायचं. येत्या शनिवारी. सकाळची बस धरली की दुपारी तिच्याकडे.

५ फेब्रुवारी, बुधवार.
अडलं. सिस्टर परदेशातल्या. त्यांच्या नावात e वर तिरकी रेघ, c च्या खाली शेपूट, आडनावात o वर दोन टिंबं. त्यांनी शिकवलेल्या गाण्यांच्या नावांवर तर मुंग्याच चढल्यात. आमच्या कीबोर्डवर यातलं काहीही नाही.
हे म्हणाले, बोडकीच लिही अक्षरं, सिस्टर काय कान पिळायला येणार आहेत?
यांना कळायचं नाही. सिस्टर आमच्या वह्यांमधली राहिलेली टिंबं स्वतः लाल पेन्सिलीने द्यायच्या. आणि कच्चं काम कधी कोणापुढे ठेवायचं नाही, फेअर करूनच न्यायचं, हेही त्यांनीच शिकवलं. ताईपुढे अर्धवट पान घेऊन जाऊ?

७ फेब्रुवारी, शुक्रवार.
भाचीचा फोन. ताईची मुलगी, नोकरीवर रजा काढून आईजवळ बसलीय. म्हणाली, दवाखान्यातून आईला घरी आणलं, डॉक्टर म्हणाले आता घरीच असू दे.
हायसं वाटलं. घरी पाठवतात म्हणजे सुधारणा आहे. नसती तर ठेवून घेतलं असतं.
é सापडला! दुसऱ्या एका पानावर होता, तिथून कॉपी केला.

८ फेब्रुवारी, शनिवार.
नाही गेले. गुडघा. सकाळी उठताना कळ आली होती, खरंच आली होती. चहानंतर थांबली, पण पुन्हा येणारच नाही असं कोण सांगेल? भाचीला मेसेज केला. म्हणाली, बरं मावशी, आई वाट बघत होती.
ताईला पहिल्यापासून वाट बघायची हौस. शाळेतही फाटकाशी उभी राहायची माझ्यासाठी, घंटा झाली तरी.

१२ फेब्रुवारी, बुधवार.
पद्धत बसली. एक फाइल केलीय. त्यात é, è, ç, ö, ñ एकाखाली एक. हवं ते कॉपी करायचं, पानावर पेस्ट करायचं. त्याच फाइलच्या तळाशी भाचीला पाठवायचा निरोप लिहून ठेवलाय: ‘गुडघा धरलाय, डॉक्टर प्रवास नको म्हणतात. पण येत्या शनिवारी नक्की येते. तोवर जप.’ दर वेळी नव्याने काय टाइप करायचं? सगळं एका जागी असलं की बरं असतं.
डॉक्टरांकडे गेले नाहीये, पण गेले असते तर हेच म्हणाले असते.

१५ फेब्रुवारी, शनिवार.
भाचीला निरोप पाठवला. पाच मिनिटांत तिचा उलट फोन. म्हणाली, मावशी, नुसता é पाठवलायस. येतेस की नाही येत, याचा अर्थ काय घ्यायचा मी?
हसले मी खूप. ती नाही हसली. म्हणाली, आई आता दोन-चार चमचेच घेते. दिवसभर गुणगुणत असते. तुमच्या शाळेतलंच काहीतरी आहे, मला कळत नाही, तू ये आणि ऐक.
मी म्हटलं, त्या गाण्याचं नाव विचारून घे, माझ्या पानात अडलंय. ती म्हणाली, तूच का नाही विचारत?
आजकालच्या मुलींना धीर नाही.

१९ फेब्रुवारी, बुधवार.
विकीवर एक बाई आहे, धाकट्या बॅचची. मी तिला कधी पाहिलेलं नाही. सगळ्या पानांवर पहारा ठेवते, म्हणून मी तिला मॉनिटर म्हणते. आज तिने लिहिलं, काकू, ç चं शेपूट दोन ठिकाणी राहिलंय. आणि सेव्ह करण्याआधी ‘झलक’ दाबून बघत जा, म्हणजे काय छापलं जाणार ते दिसतं.
मला काकू! झलक बघायची सवय उतावळ्यांना लावावी. मी कॉन्व्हेंटची आहे.
तिने कीबोर्ड बदलायची एक युक्तीही सांगितली. करून पाहिली. आता अवतरणचिन्ह दाबलं की ते पुढच्या अक्षराच्या डोक्यावर जाऊन बसतं. यांनी वीज कंपनीला तक्रार लिहिली, तिच्यात सगळीकडे टोप्या. हे म्हणाले, तुझं टिंबांचं वेड एकीकडे, पण ताईंना बघायला कधी जायचं? चल, मी येतो सोबत. टिंबं द्यायचीत तुला की तोंड चुकवायचंय?
यांचं बोलणं मी मनावर घेत नाही.

२२ फेब्रुवारी, शनिवार.
पाऊण पान तयार. सिस्टरांचं बालपण, बोटीचा प्रवास, गाण्याची खोली, पॉलिश केलेल्या जमिनीवर आमचे मोज्यांतले घसरणारे पाय. सगळं लिहिलं. लिहिताना ताई इतकी स्पष्ट दिसली. तेरा वर्षांची, दोन वेण्या, मान वर करून गाणारी.
ताई म्हणजे ही. मागच्या महिन्यात गेले होते तेव्हा पलंगावर जे कोणी होतं ते इतकं लहान होतं, की मी सगळा वेळ उशीच्या अभ्र्याची नक्षी बघत बसले. अभ्रा सुंदर होता. निळी फुलं.
आज बस चुकली. निरोप पाठवला. या वेळी नीट पाठवला, दोनदा तपासून.

२५ फेब्रुवारी, मंगळवार. दुपार.
पान पूर्ण! शेवटचा परिच्छेद: सिस्टर म्हाताऱ्या झाल्यावर मायदेशी परत गेल्या, तिकडेच वारल्या. जाताना ताईच्या वर्गाला निरोपाचं एक गाणं शिकवलं, त्याची पहिली ओळ मूळ भाषेत दिलीय. भलतीच अवघड ओळ, प्रत्येक शब्दाला काहीतरी लटकलेलं. फाइलीत जुळवली, एकदम कॉपी केली, पेस्ट केली, सेव्ह. झलक वगैरे काही नाही. लगेच भाचीला दुवा पाठवला, म्हटलं आईला वाचून दाखव. छापील प्रत मी शनिवारी आणतेच.
माझ्याच्याने काही होत नाही म्हणणाऱ्यांनी बघावं.

२७ फेब्रुवारी, गुरुवार.
भाचीचा फोन. आवाज वेगळाच. म्हणाली, मावशी, आईला पान वाचून दाखवलं. डोळे मिटून ऐकलं सगळं. मोज्यांचं ऐकून ओठ हलले. मग शेवटी आलं, सिस्टरांच्या निरोपाच्या गाण्याची पहिली ओळ अशी: गुडघा धरलाय, डॉक्टर प्रवास नको म्हणतात, पण येत्या शनिवारी नक्की येते, तोवर जप.
मी म्हटलं, काय?
भाची म्हणाली, मीही तशीच थांबले. पण वाचून गेले होते. आईने डोळे उघडले आणि म्हणाली, सिस्टर येणार? शनिवारी? तेव्हापासून एकच चाललंय. केस विंचर, पांढरी साडी काढ, पायाशी खुर्ची ठेव. मी सांगितलंच नाही की सिस्टर जाऊन किती वर्षं झाली. किती दिवसांनी काहीतरी मागितलंय तिने.
फाइलीतून ओळीऐवजी निरोप उचलला गेला. दोन्ही खालीवरच होते.
पण एक बघा. माणूस साडी मागतं, विंचरून घेतं, म्हणजे उभारी आली. पानाचाच गुण हा.
भाचीला म्हटलं, या शनिवारी मी नक्की येते. ती म्हणाली, हो का. मग म्हणाली, मावशी, मी हात जोडते.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार.
पिशवी भरली. छापील पान, दोन साड्या, गुडघ्याचं मलम. ताईला काय सांगायचं ते ठरवलं. सिस्टर नाही आल्या, पण त्यांनी मला पाठवलंय, असं. ताईला आवडेल. हे बस-स्टँडपर्यंत सोडणार आहेत. म्हणाले, गजर लावलाय, आता देव आला तरी थांबायचं नाही.

१ मार्च, शनिवार. सकाळ.
पिशवी दाराशी. निघण्याआधी एकदाच पान उघडलं. माझा निरोप गेलाय! मॉनिटरने काढून टाकला, खाली शेरा मारलाय, असंबद्ध मजकूर. बरं झालं, म्हटलं. मग दिसलं, पानाला ‘इतिहास’ म्हणून एक भाग असतो. त्यात प्रत्येक बदल कायमचा राहतो. तिथे माझ्या पूर्ण नावापुढे अख्खं वाक्य: गुडघा धरलाय, येत्या शनिवारी नक्की येते. तारीख आणि वेळेसकट. सगळ्या शाळेने वाचावं असं. ताईच्या बॅचच्या बायकासुद्धा तिथे येतात. त्यांच्या मनात काय येईल?
मॉनिटरला लिहिलं, ताबडतोब पुसा. उत्तराची वाट बघतेय. हे खाली स्कूटर सुरू करून उभे आहेत. हॉर्न वाजवला. पाच मिनिटं, म्हटलं.

दुपार.
पहिली बस गेली. काही हरकत नाही, दुपारची आहे. मॉनिटरने लिहिलं, इतिहास पुसता येत नाही काकू, तोच तर विकीचा नियम आहे. मी लिहिलं, नियम माणसांसाठी असतात. तिने लिहिलं, एवढं काय आहे त्यात, गुडघाच तर आहे. मी तिला सविस्तर समजावून सांगितलं. सांगता सांगता दुपारचीही गेली.
हे वर आले, पिशवी दाराशी होती ती उचलून खुर्चीवर ठेवली आणि पेपर उघडून बसले. पेपर सकाळचाच होता.
उद्याची पहिली बस. पहाटेची. एका दिवसाने काय होतंय? उलट ताईला आज विश्रांती मिळेल.

संध्याकाळ.
फोन यांनी घेतला. नुसतं हं, हं म्हणत होते. मग माझ्याकडे न बघता स्वयंपाकघरात गेले आणि गॅस बंद केला. गॅसवर काहीही नव्हतं.

४ मार्च, मंगळवार. ताईच्या घरी.
माणसं येऊन गेली. खोली धुऊन काढलीय. पलंग उभा करून भिंतीला लावलाय, त्यामुळे खोली भलतीच मोठी वाटते. पायाशी ठेवलेली खुर्ची मात्र होती तिथेच आहे. त्या खुर्चीवर कोणी बसत नाही.
मी का नाही आले, याचं उत्तर बसमध्ये तयार केलं होतं. चांगलं होतं. कोणी विचारलं नाही.
आज भाची चादरींच्या घड्या घालत होती, मी दुसरं टोक धरलं. आपणहून सांगू लागली. शनिवारी सकाळीच आईने वेणी घालून घेतली. पांढरी साडी अंगाभोवती नुसती गुंडाळता आली. दुपारी विचारलं, आली का? म्हटलं, वाटेत आहे. उन्हं उतरल्यावर पुन्हा तेच. तेव्हा म्हटलं, आलीय गं, बाहेर हात धुतेय. मग आईने मान थोडी वर केली, गाण्याआधी करतात तशी. आणि दाराकडे बघत राहिली.
मी म्हटलं, बिचारी ताई. शेवटपर्यंत सिस्टरांची वाट बघत होती.
भाचीने चादरीचं माझ्या हातातलं टोक काढून घेतलं. म्हणाली, मावशी, गुरुवारी तुला फोन केला ना, त्याच संध्याकाळी आई पूर्ण शुद्धीवर होती. मी तिला खरं सांगून टाकलं होतं, सिस्टर गेल्यात, ते वाक्य पानात चुकून आलंय म्हणून. ती म्हणाली, ठाऊक आहे मला. लिहिणं कोणाचं आहे ते कळत नाही होय? शनिवारी येते म्हणालीय ना, मग येईल.
चादर कपाटात गेली. पुढची चादर तिने एकटीनेच घडी केली.