वळणांची वही

मी, खाली सही करणार, वय शहात्तर, धंदा अक्षरलेखन, आज पूर्ण शुद्धीत व कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. हात कापतो, डोके नाही. यापूर्वीचे मृत्युपत्र रद्द समजावे.

१. राहते घर व बँकेतील शिल्लक मुलाला. भिंतीवरचे शाईचे डाग पुसायला रंगारी लावायचा तर मी गेल्यावर लावावा.

२. बोरू, ते तासायची सुरी व पितळी दौत सुनेला. घरात आली तेव्हा तिचे अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. आज तिची शिरोरेखा माझ्याहून सरळ येते.

३. समोरच्या पाट्यावाल्याला काही नाही. चाळीस वर्षे त्याने मला 'रेघोट्या मास्तर' म्हटले. त्याला माफ केले आहे, पण माझ्या नावाची पाटी त्याने करू नये.

४. वळणांची वही. पोथीचे जाड वळण, दफ्तरातले धावते, शिलालेखाचे कोरीव, असे बत्तीस जुने नमुने. शेजारी त्यांची जुनी नावे. या वहीने मला पदक दिले, शिष्य दिले. ती माझी नाही.

ती माझ्या धाकट्या बहिणीने लिहिली. त्या वर्षी माझे उजवे मनगट मोडले आणि वर्षभर नीट जुळले नाही. म्हाताऱ्या लेखनिकांची दारे झिजवून तिने नावे गोळा केली, आठ महिने मान मोडून लिहिले. प्रदर्शनाला पाठवताना शेवटच्या पानावर सही मी केली.

"दादा, सही डाव्या हाताची आहे, हे कुणाच्या लक्षातही आलं नाही," पदक मिळाले त्या दिवशी ती एवढेच म्हणाली. पुन्हा तिने बोरू धरला नाही. दवाखान्यात औषधांच्या पुड्यांवर रोग्यांची नावे लिहीत ती निवृत्त झाली.

गेल्या रविवारी मी वही तिच्यापुढे ठेवली. तिने पाने उलटली आणि एकावर बोट ठेवले.

"हा रफार पुढच्या अक्षरावर गेलाय. तुला दिसला नाही?"

"पहिल्याच दिवशी दिसला."

"मग दुरुस्त का नाही केलास?"

"माझा असता तर केला असता."

तिने चष्मा पुसून पुन्हा लावला. मग म्हणाली, "हे लिहून ठेव."

म्हणून लिहिले. वही व पदक तिला. पहिल्या पानावर नाव तिने हव्या त्या वळणात घालावे. न घातल्यास कोणी आग्रह धरू नये. माझी सही खोडावी की राहू द्यावी, हेही तीच ठरवील.

वरील मजकूर पुन्हा वाचला. एकही शब्द मागे घेत नाही.

लिहून ठेवणार : (सही)
साक्षीदार : १. शेजारचे घड्याळजी (सही)
२. दवाखान्यातील डॉक्टरीणबाई (सही)
स्थळ : राहते घर, पुढची खोली
तारीख : ९ ऑगस्ट