खवय्यांसाठी इंग्लंड: चार पानी टिपण

५ एप्रिल, शनिवार
मंडळाची इंग्लंड सहल जूनमध्ये. चौदा जण. सहलीचं सगळं साधनाताई बघतात. त्या म्हणाल्या, श्रीनिवासदादा, तिथे काय काय खावं याचं एक टिपण करा, तुम्ही नीटनेटकं लिहिता. हो म्हणालो. मी इंग्लंड पाहिलेलं नाही, पण त्यावाचून काही अडत नाही. ऑडिटला जातो तेव्हा कंपनी तरी कुठे आधी पाहिलेली असते.
ठरवलं: प्रत्येक पदार्थ आधी इथे सिंगापुरात खायचा, मगच लिहायचं. यादी तयार आहे, अकरा पदार्थ. उल्काने केली होती. तिला जाऊन पाच महिने झाले. यादी चांगली आहे म्हणून वापरतोय, बाकी काही नाही.
दुसरं काम: सहलीच्या फॉर्मवरचं तिचं नाव खोडून फॉर्म परत द्यायचा. मी जाणार हे नक्की. उद्या देतो.

६ एप्रिल
फॉर्म राहिला. पेन सापडलं नाही.

१२ एप्रिल
फिश अँड चिप्स. नदीकाठच्या इंग्लिश पबमध्ये. दारातल्या बाईने किती जण विचारलं. दोन म्हणालो. सवय. मग दुरुस्त करणं बरं दिसेना. दोन मेन्यू आले, दोन ग्लास पाणी. ती ऑर्डरसाठी दोनदा येऊन गेली. शेवटी सांगितलं, दुसरं कोणी येत नाहीये. नेव्हर माइंड अंकल, म्हणाली, ट्रॅफिक असेल.
टिपणासाठी: मासा उत्तम. सोबतचा मऊ वाटाणा म्हणजे फोडणी न दिलेली उसळ. उल्काने पर्समधून मिरपूड काढली असती.

१९ एप्रिल, संध्याकाळी
यॉर्कशर पुडिंग. घरीच केलं. साचा नव्हता, आप्पेपात्रात केलं. पुडिंग म्हणून साखर घातली. मग वाचलं की ते गोड नसतं, भाजलेल्या मांसाबरोबर खातात. फुगून वाटीसारखं व्हायला हवं होतं. माझं बसलं. पण खरं कसं लागतं ते माहीत नसल्यामुळे चुकलं असं म्हणता येत नाही.
एकवीस झाली. तीन खाल्ली.

२० एप्रिल
मुलगी आर्या आली. ती आणि जावई जुरोंग ईस्टला राहतात, मी बेडोकला. एमआरटीने पाऊण तास. पुडिंगचे आप्पे बघून खूप हसली. मग आप्पेपात्र हातात धरून उभी राहिली. मी म्हणालो, घासलंय मी. फॉर्मचं विचारलं तिने. आज देतो म्हणालो.
"इट्स ओन्ली नाइन डेज लाह, बाबा. जाऊन या."
जाणारच आहे. न जाणारा माणूस टिपण कशाला लिहील?
फॉर्म उद्या.

१ मे
कॉर्निश पेस्टी. खाणकामगारांचा डबा. शोधायचा कंटाळा केला आणि हॉकर सेंटरला करी पफ खाल्ला. आकार तोच, करंजीचा. इथे जागा धरायला खुर्चीवर टिश्यूचं पाकीट ठेवतात, तशी दोन खुर्च्यांवर दोन ठेवली. सुट्टीची गर्दी. एका आजोबांनी खूण करून विचारलं, कोणी येतंय का. मी मान हलवली. ते नूडल्स उभ्याने खात राहिले. हे बरोबर झालं नाही. यापुढे एकच पाकीट.

४ मे
दोन ठेवली.

१० मे
टिपण पूर्ण. चार पानं. अकरापैकी तीन पदार्थ खाऊन, आठ वाचून. साधनाताईंना पाठवलं. त्यांचा लगेच फोन. छान झालंय म्हणाल्या, फक्त प्रत्येक पदार्थाखाली वहिनी काय म्हणाल्या असत्या ते आलंय. मी तपासलं. अकराही ठिकाणी आहे. काढून टाकलं, तर अर्धं पान उरलं.
फॉर्म सोमवारपर्यंत हवाच म्हणाल्या.

१२ मे, सोमवार, सकाळी ७
फॉर्म काढला. उल्काने ऑगस्टमध्ये भरलेला. दोन्ही नावं तिच्या अक्षरात, तिचं वर, माझं खाली. पेन आणि पट्टी घेतली. एक सरळ रेघ. फोटो काढून पाठवला. उगाच पाच आठवडे लांबवलं.

१३ मे
साधनाताईंचा फोन. आज हळू बोलत होत्या.
"दादा, तुम्ही स्वतःचं नाव खोडलंय. वहिनींचं तसंच आहे."
मी फॉर्म पुन्हा पाहिला. म्हणालो, "राहू दे."
"असं कसं पाठवू हो मी?"
"नका पाठवू."
 

७ जून
आज बारा जण गेले. चांगी विमानतळावर निरोप द्यायला गेलो होतो. साधनाताईंनी टिपण छापून आणलं होतं, चारही पानं. विनीताबाई मंडळात नव्या, मार्चमध्येच पुण्याहून आलेल्या. त्यांनी रांगेत उभ्याउभ्याच वाचून काढलं. दोनदा मोठ्याने हसल्या. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "यातल्या उल्काताई कोणत्या हो? मला विमानात त्यांच्याच शेजारी बसायचंय."
साधनाताई खाली बघायला लागल्या.
मी म्हणालो, "ती नाही येत. मला घरी एकटं राहता येत नाही, म्हणून."
विनीताबाईंना पटलं. बसने परत आलो.