बाराव्या स्टुलावरची बाई

मदर, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुमच्यावरचा राग शिल्लक आहे. परवा अकोल्यात आपल्या कॉन्व्हेंटच्या जुन्या मुली जमल्या होत्या. एक म्हणाली, "मदर केवढ्या नम्र होत्या! आपले पाय धुवायच्या." मी म्हटलं, "धुतलेले पाय धुवायच्या." मी निवृत्त झाले, जीभ अजून नोकरीवर आहे.

अमरावतीचं आपलं वसतिगृह, पवित्र गुरुवार, साठ साल अजून उजाडायचं आहे. दुपारी आयाबाई नळावर बसून आमचे पाय वजरीनं घासते आहे, कारण संध्याकाळी चॅपलमध्ये ते तुमच्या हाती यायचे आहेत. प्रभूनं शिष्यांचे धुतले, तसे तुम्ही बारा मुलींचे धुणार. तेवढ्यात कळतं, बारावी तापानं फणफणली आहे. मी आयाबाईला म्हणते, "तुम्हीच बसा तिच्या जागी."

"मले काहून वं? माहे पाय पाह्य ना, कसे भेगाळले."

"मदरच सांगतात ना, देवापुढे सगळे सारखे?"

"तू लय शहानी हायेस, पोरी," म्हणून ती हसली. पण बाप्तिस्मा तिचाही झाला होता, आपल्याच वेदीपुढे तीही गुडघे टेकायची. संध्याकाळी ती खरंच येऊन बसली, माझ्या शेजारच्या बाराव्या स्टुलावर, लुगडं घोट्यापर्यंत ओढून. तुम्ही माझे पाय पुसलेत, तस्त सरकवलंत आणि वर पाहिलंत. मला वाटलं, आता तिचा पाय हातात घ्याल. "ऊठ," म्हणालात, प्रार्थना म्हणावी तितक्या हळू. ती उठली. आमच्या पायांचं पाणी फेकायला तस्त तिनंच उचलून नेलं.

ईस्टर झाल्यावर तुम्ही तिला कामावरून काढलंत. व्हरांड्यात विचारलंत, "तिथं बसायला तुला सांगितलं कोणी?" ती म्हणाली, "कोनी नाई, मदर. मलेच वाटलं." आणि ट्रंक घेऊन चांदूर रेल्वेला निघून गेली.

तुम्ही ढोंगी असता तर सोपं झालं असतं. पण तुम्ही स्वतःचं ताट स्वतः घासायचात, ठिगळाचा झगा घालायचात. वाकणं तुम्हाला येत होतं. कोणापुढे वाकायचं, हे ठरवायचा हक्क मात्र तुम्ही सोडला नाहीत. नोकरीला लागल्यावर मी चांदूरला तिचं घर शोधत गेले. ती वारली होती. तिची भाची म्हणाली, "मावशी तर तुमच्या मदरसाठी रोज प्रार्थना करे." चहा पिऊन परत आले.

तुम्ही तिला विचारत होतात, तेव्हा मी व्हरांड्याच्या खांबाआड उभी होते, मदर. एरवी कोणालाही उलट उत्तर देणारी मी, श्वास रोखून. तिनं मला पाहिलं होतं. हे पत्र कुठं टाकायचं नाही. माफी मागायची ती तिची, आणि ते मला अजून जमत नाही. तुमच्यावर रागावणं तेवढं जमतं.