काळी चारचा सा

तीर्थरूप भाई,

आचऱ्याच्या देवळात माझ्या गाण्याला माणसं जमलीत. थोड्या वेळात तुम्ही माझ्यामागे तानपुऱ्याला बसाल.

"आमच्या घराचो सूर एकच आसा गो, काळी एक!" असं म्हणत तुम्ही मला पेटीच्या पहिल्या काळ्या सुरावर, तुमच्याच पुरुषी पट्टीत शिकवलंत. तिथे खर्जात माझा आवाज लागत नाही, नुसता वारा निघतो. त्याला तुम्ही आळस म्हणालात.

सावंतवाडीहून आणलेला बायकी पट्टीचा तानपुरा मी आत्ताच काळी चारला, माझ्या गळ्याच्या उंच सुराला लावलाय. तुमचा तानपुरा देवळामागच्या खोलीत आहे, कुलपात. किल्ली माझ्या कनवटीला.

हे पत्र मी देणार नाही. तुम्ही तार छेडलीत, तर तुमच्याच हातून माझा सा वाजेल. नाही छेडलीत, तरी मी तो लावणार.

तुमचीच लेक,
शर्वरी