फळी धरायला कोण?

वर्तकनगर, मंगळवार संध्याकाळ

पुस्तकांचं कपाट स्वतःच करायचं ठरवलंय. म्हणून कल्याणला पॉकेट होल जिग आणायला गेलो. त्याने फळीत तिरकं भोक पडतं, स्क्रू आत लपतो. दुकानदाराने ओळखलं. "जय भीम, सर! परवाचं भाषण म्हणजे आग होती आग!" मग दोन जिग पुढ्यात ठेवले. "फळी धरायला घरी कोणी असेल तर हा छोटा पुरे. एकट्याने करणार असाल तर हा क्लॅम्पवाला न्या."

"आमच्याकडे माणसांना काय तोटा?" म्हणालो आणि छोटा घेतला. का म्हणालो असं?

घरी फळी गुडघ्याने दाबली. सरकली. भोक वाकडं गेलं. फोन काढला. कार्यकर्ते, आयोजक, संपादक. फळी धरायला ये, असं यातल्या कुणाला सांगू? लता होती तेव्हा कुरकुरत यायची. "अहो, समता नंतर आणा, आधी हा भुसा झाडा." ती गेल्यापासून या घरात कोणी मला उलट बोललेलं नाही.

उद्या जिग बदलून आणायचा. दुकानदाराला एवढंच सांगायचं, घरी मी एकटाच असतो. मघापासून ते मोठ्याने म्हणून बघतोय. आवाज फुटत नाही.