सोलुत्रेच्या कड्यावर पहिला नंबर

९ मार्च, रविवार
संकल्प. यंदा द्राक्षतोडणीच्या आत सोलुत्रेच्या कड्यावर जिल्बेरच्या आधी पोचायचं. निदान एकदा तरी.

शाळेपासूनचा दोस्त आहे, म्हणून किती सहन करायचं? गेली तीस वर्षं आम्ही दर रविवारी सकाळी कडा चढतो. तीस वर्षं हा वर आधी पोचून दगडावर पाय सोडून बसलेला असतो. मी धापा टाकत पोचलो की म्हणतो, "आलास? मी म्हटलं, वाटेत संसार मांडलास की काय!"

तो द्राक्षमळेवाला. जन्मभर उतारावर वर-खाली करतोय. मी ड्रायव्हिंग स्कूलवाला. जन्म शेजारच्या सीटवर बसून ब्रेक दाबण्यात गेला. पण ही झाली कारणं, आणि कारणं आजपासून बंद. चीज बंद. जेवताना वाईन एकच ग्लास.

संध्याकाळी ठरवलं: शेळीचं चीज हे चीजमध्ये धरायचं नाही. ते दूधच.

१६ मार्च, रविवार
हरलो. बूट जुने होते.
उद्या शहरात, माकाँला जाऊन नवे बूट घेणार, शिवाय दोन काठ्या. सोलांज म्हणाली, "दोन पायांनी जमत नाही ते चार पायांनी काय जमणार?" बायकोला खेळातलं काही कळत नाही.

१३ एप्रिल, रविवार
फरक!! आज मी वळणावर पोचलो तेव्हा जिल्बेर अजून पुढेच दिसत होता. एरवी तिथून त्याची टोपीसुद्धा दिसत नाही.
तो मधे उभा राहून खालच्या वेलींकडे बघत होता. म्हणाला, "दंवानं कोंब जळालेत का, ते बघतोय." मी ओळखून आहे. दम लागला की माणसाला शेती आठवते.
आता ग्लास दोन चालतील. शरीराला एकदम धक्का देऊ नये.

११ मे, रविवार
पहिला! मी! पहिला!

शेवटच्या चढावर जिल्बेर बुटाची नाडी बांधायला वाकला. मी थांबलो नाही. वर जाऊन त्याच्या दगडावर बसलो, पाय सोडले. बराच वेळ आला नाही. आला तेव्हा मी म्हटलं, "आलास? मी म्हटलं, वाटेत संसार मांडलास की काय!" तीस वर्षं हे वाक्य पोटात ठेवलं होतं.

तो हसला. इतका हसला की खोकल्याची उबळ आली आणि खाली बसावं लागलं. मग माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "वा रे वा, रोलां. काठ्यांनी कमाल केली."

माणूस दिलदार आहे. हरल्यावर कळतं.

घरी येऊन सोलांजला सगळं साग्रसंगीत सांगितलं. ती कांदापात चिरत होती. मान वर न करता म्हणाली, "त्याला बरं आहे का, विचारलंस?" मी म्हटलं, हरलेल्याला कधी बरं असतं का? ती पाठ करून नळ सोडून उभी राहिली. जळते. तिचं वजन काही कमी झालेलं नाही.

१८ मे, रविवार
पुन्हा पहिला. तीन ग्लास. हक्काचे.

१५ जून, रविवार
पहिलाच. पण एक गंभीर बाब उघडकीस आली आहे. जिल्बेरची पँट कमरेला ढगळ झालीय. पट्ट्याला नवं भोक पाडलंय. म्हणजे गडी गुपचूप डाएट करतोय!

परतताना त्याच्या घरी गेलो. त्याच्या बायकोनं, ओडीलनं, चेरीचा टार्ट केला होता. जिल्बेरनं तोंडाला लावला नाही. मी त्याचाही वाटा खाल्ला आणि तोंडावर विचारलं, "वजन उतरवतोयस ना लपूनछपून? मला हरवायला?"
ओडील उठून आत गेली. जिल्बेर म्हणाला, "पकडलंस लेका. आता कुणाला सांगू नकोस."
ओडील बराच वेळ बाहेर आली नाही. पाहुण्यासमोर नवऱ्याचं पितळ उघडं पडलं की बायकांना लाज वाटते.

१३ जुलै, रविवार
जिल्बेर म्हणतो, आज सपाटीनं जाऊ. वेलींमधून क्रूसापर्यंत जाऊन परत यायचं. मी म्हटलं, अजिबात नाही! हरायला लागला की माणूस मैदानच बदलायला बघतो. पार ओढूनच नेला त्याला.

अर्ध्यावर, झुडपांच्या सावलीत, तो बसला. "रोलां, मी इथंच बसतो. तू वर जा. काय काय दिसतं ते येऊन सांग."

गेलो. काठ्या आपटत गेलो. वर हवा लख्ख होती. सोन नदीच्या मैदानापलीकडे थेट आल्प्समधला माँ ब्लाँ दिसत होता, पांढराशुभ्र. खाली आलो आणि सांगितलं, माँ ब्लाँ दिसला.

"तो राहू दे," जिल्बेर म्हणाला. "माझ्या वरच्या तुकड्यात फवारणी झालीय का? ट्रॅक्टर होता? वेरजिसों गावाच्या बाजूला पानं कशी आहेत?"
मी म्हटलं, पाहिलं नाही.
"तीस वर्षं वर येतोस आणि बघतोस काय रे गाढवा?"
"तुझी पाठ," मी म्हटलं.
तो पुन्हा खूप हसला. उतरताना त्यानं माझी एक काठी घेतली. माझा दंड धरला. मला कशाला उगाच वाईट वाटावं? वाटलं थोडं.

२४ ऑगस्ट, रविवार
आज जिल्बेर आलाच नाही. मी बूट घालून दारात उभा. सोलांजनं मला स्वयंपाकघरात बसवलं आणि सांगितलं.

फुफ्फुस. मे महिन्यापासून ओडीलला माहीत. सोलांजलाही माहीत. मलाच तेवढं नाही. जिल्बेरनं दोघींना शपथ घातली होती. "रोलांला सांगू नका," म्हणाला होता. "जिंकू दे त्याला. तो कड्यावर बसून पाय हलवत होता ना, असा खूश मी त्याला त्याच्या लग्नातसुद्धा बघितला नाही."

सोलांजला तिखटमीठ लावून सांगायची सवय आहे. डॉक्टर लोकांनाही.

२५ ऑगस्ट, सोमवार
रात्रभर विचार केला. नवा संकल्प. जिल्बेरला महिन्याभरात बरा करायचा. योजना तयार आहे: सकाळी कोंबडीचं सूप, दुपारी अक्रोड, संध्याकाळी वेलींच्या कडेनं फेरी. आधी सपाटी, मग छोटा चढ, मग कडा. चाळीस वर्षं मी असल्या लोकांना गाडी शिकवली आहे, ज्यांना डावं-उजवं कळत नव्हतं. सगळे पास झाले. शेवटी शेवटी तरी झाले.

२८ ऑगस्ट, गुरुवार
सूप नेलं. दोन चमचे प्यायला. सुरुवात चांगली.

३१ ऑगस्ट, रविवार
फेरी: फाटकापर्यंत. ऊन होतं.

२ सप्टेंबर, मंगळवार
फेरी: खुर्चीपासून खिडकीपर्यंत. खिडकीतून द्राक्षतोडणी दिसते. मजूर गाणी म्हणत होते. जिल्बेर म्हणाला, "एकदा वरून बघायला हवी होती." हवी होती, म्हणाला. मी ते ऐकलं नाही असं दाखवलं.

योजना बदलली. सूप रद्द. त्याला मी वर नेणार. पाठीवर. त्याच्याच कोठारात द्राक्षं वाहायची ती पाठीला अडकवायची टोपली आहे. माणसं तिच्यात भरभरून द्राक्षं नेतात. जिल्बेर आता द्राक्षांपेक्षा जड नसेल.

४ सप्टेंबर, गुरुवार
टोपलीत बटाट्याची पोती भरून कोठाराच्या शिडीवर तालीम केली. तिसऱ्या पायरीवर कमरेत कळ आली. तिथेच बसलो. उठता येईना. सोलांजनं आणि शेजाऱ्यानं दारावर झोपवून घरी आणलं. हो, दारावर. बिजागरीतून काढलेल्या.

बटाटे ओले होते, म्हणून जड.

७ सप्टेंबर, रविवार
पाठीवर पडून लिहितोय. दाराशी गाडी थांबली. ओडीलच्या आधारानं जिल्बेर आत आला. मीच त्याला भेटायला जात नाही, म्हणून तो आला! खुर्ची ओढून माझ्या उशाशी बसला, दम खाल्ला आणि म्हणाला, "कसं वाटतंय आता? सूप पाठवू?"

आम्ही दोघं हसलो. मला हसताना कमरेत कळ, त्याला खोकला. ओडील आणि सोलांज दारात उभ्या राहून रडत होत्या की हसत होत्या, कळलं नाही.

मग त्या दोघी गेल्या आणि तो म्हणाला, "बटाटे भरलेस म्हणे."
मी म्हटलं, "सरावासाठी."
"मला उतरवताना काय करणार होतास?"
याचा विचार केला नव्हता.
"तिथेच ठेवणार होतो," मी म्हटलं.
तो म्हणाला, "चाललं असतं."

थोडा वेळ त्यानं माझा हात धरला होता. त्याचा हात नेहमी गरम असतो. आज नव्हता. मी म्हटलं, पुढच्या मार्चमध्ये बघ, तुला शेंबड्या पोरासारखा हरवतो. तो म्हणाला, "ठरलं."

ठरलं आहे. त्याच्या तोंडचा शब्द आहे.

१९ सप्टेंबर, शुक्रवार
सकाळी जिल्बेर गेला.

२३ सप्टेंबर, मंगळवार
पेटीला खांदा द्यायचा होता. डॉक्टरनं कमरेमुळे मनाई केली. मागून चाललो. सगळा गाव पुढे.

१६ नोव्हेंबर, रविवार
कंबर पूर्ण बरी. डॉक्टर म्हणाले, चाला. वेलींची पानं पिवळी होऊन गळायला आलीत. बूट घातले, काठ्या घेतल्या, कड्याच्या पायथ्याशी गाडी लावली. संकल्प: न थांबता वर.

पहिल्या वळणापर्यंत गेलो. पुढे कुणीच नव्हतं. मागे वळून पाहिलं, मागेही नाही. कुणाच्या पुढे जायचं आणि कुणाच्या मागे राहायचं, तेच समजेना. कुठल्याशा गावचं एक तरुण जोडपं आलं. त्यांनी वाट विचारली. मी नीट समजावून सांगितली: झुडपांपाशी डावीकडे, मग दगडांवर जपून, वरून सगळं छान दिसतं. ते म्हणाले, "तुम्ही येत नाही?" मी म्हटलं, आत्ताच जाऊन आलो.

परत फिरलो. गाडीत बराच वेळ बसलो. इंजिन चालू केलं नाही.

सोलांजनं विचारलं, "इतक्यात आलास?" मी म्हटलं, गुडघा दुखला. तिनं मलम आणलं, जमिनीवर बसली, पँट वर सरकवली आणि सावकाश चोळत राहिली. मी चोळू दिलं.

गुडघ्याला काही झालेलं नाही.